पन्नासावं शिखर

बुधवार, १४ तारीख

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र मी निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. दाढ काढून झाली, आणि शेजारीण अजूनही तुझं वर्तमानपत्र आधी स्वतः वाचून मग तुझ्या दाराशी ठेवते, हे कळलं. आमच्याकडे सगळे मजेत. तुझ्या भावजयीचं दुकान बरं चाललंय. मला मात्र ती तिथे बसू देत नाही. मी गिऱ्हाइकांना डोंगरांच्या गोष्टी सांगत बसतो आणि ती काही न घेता जातात, असं तिचं म्हणणं.

हे पत्र घरून लिहीत नाही. बस डेपोच्या वरच्या खोलीत पलंगावर पालथा पडून लिहितोय. पालथा का, ते पुढे येईलच. खोलीत एक पलंग, एक लंगडी खुर्ची आणि एकदा उघडली की बंद न होणारी खिडकी. खिडकीतून समोरच तो डोंगर दिसतो. नकाशात त्याला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. कोणता, ते तुला सांगायला नको.

काल मी त्याच्यावर गेलो. एकटाच. लगेच भुवया चढवू नकोस, खालच्या कॅन्टीनवाल्याला सांगून गेलो होतो, पाचपर्यंत आलो नाही तर माणसं पाठव म्हणून. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिकडे शेळ्यासुद्धा जात नाहीत, साहेब," तो म्हणाला. "दोन वर्षांमागे एक बाई गेल्या होत्या, हातात पुस्तक घेऊन. परत आल्या तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली. मी म्हटलं, पुस्तकात चुकीचं लिहिलंय वाटतं. तर म्हणाल्या, पुस्तक माझ्या भावाचं आहे, चूक असायची नाही. माझंच वय झालं."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

वाट म्हणशील तर नाहीच. तासभर कोरड्या ओढ्यातल्या धोंड्यांवरून उड्या, मग काटेरी झुडपांतून रांगत, मग घसारा. दोन पावलं वर टाकावीत आणि दीड खाली यावं. मध्येच एक मोठा दगड माझ्या पायाखालून निसटला आणि गडगडत असा गेला की त्याला जणू बस पकडायची होती. पूर्वेच्या घळीच्या तोंडाशी पोचायलाच अडीच तास लागले. घळीत पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटून वर सरकायचं. या पोटानिशी मी बाटलीतल्या बुचासारखा बसलो होतो. पण खरं सांगतो, मजा आली. कातळाला हात लागला की तळवे कसे जागे होतात, ते मी विसरून गेलो होतो. एकटाच मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत आणि शाबासकी देत चढत होतो.

आणि मग तो गुळगुळीत टप्पा आला. तुला आठवत असेल. हाताला दोन खोबणी, पायाला काहीच नाही, खाली सगळी घळ आ वासून. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा पाय थरथरायला लागले तेव्हा मुकाट्यानं मान्य केलं की इथून पुढे आपलं काम नाही. परत फिरायच्या आधी वर पाहिलं. वीसेक फुटांवर एक अरुंद कपार, तिच्यात तीन चपटे दगड एकावर एक रचलेले.

माथ्यावर दगड सगळेच रचतात, आपण जिथून परत फिरलो तिथे रचावेत, हे जगात तुझ्याशिवाय कुणी म्हणत नाही. तू एकसष्टाव्या वर्षी तो टप्पा चढून गेली होतीस, ताई. मी छप्पन्नाव्या वर्षी खाली उभा राहून तुझे दगड बघत होतो.

उतरताना घसाऱ्यावरून बहुतेक बसूनच आलो. पॅन्टची बैठक डोंगराकडेच राहिली. म्हणून पालथा.

आता मुद्द्याचं. इतका वेळ टाळलं, अजून टाळलं तर कागद संपेल. 'पन्नास सोपी शिखरं' छापायला द्यायचं होतं तेव्हा माझी एकोणपन्नासच झाली होती. याच डेपोच्या ओट्यावर, बस यायला चाळीस मिनिटं होती तेवढ्यात, दुर्बिणीतून बघून मी लिहिलं: 'पूर्वेच्या घळीतून सोपी चढाई. दोन तास. दोर लागत नाही.' मी त्या डोंगराच्या पायथ्याशीही गेलो नव्हतो.

तू परत आलीस, डोंगराचे बूट माझ्या मुलीला देऊन टाकलेस आणि म्हणालीस, "तू दोन तासांत गेलास तिथे मला सहा तासांत जमलं नाही रे." मी समोरच बसलो होतो. सांगायला तोंड उघडलंही होतं. आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं काय, तर "होतं असं." मला त्या दोन शब्दांची जितकी लाज वाटते तितकी पुस्तकाचीही वाटत नाही.

नव्या आवृत्तीसाठी मजकूर आजच पाठवला. 'घळ अवघड. दोराशिवाय जाऊ नये. लेखक माथ्यावर पोचलेला नाही. या वाटेनं त्याच्यापेक्षा वर गेलेली त्याच्या माहितीतली एकच व्यक्ती, त्याची थोरली बहीण.' प्रकाशक कुरकुरेल. कुरकुरू दे.

शनिवारी तू तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायच्या कागदांवर सही करणार आहेस, पुढे जिने झेपायचे नाहीत म्हणून. अगं, तू दोन पिशव्या घेऊन न थांबता वर येतेस आणि मी मागून कठड्याला लोंबकळत येतो. गुडघे खरंच दुखत असतील तर खुशाल सही कर, सामान मी हलवतो. पण त्या घळीपायी करत असशील, तर करू नकोस.

फोनवर सांगायला धजलो नाही. तू आधी "जेवलास का" विचारलं असतंस, मी "हो" म्हटलं असतं, आणि संपलं असतं. पत्र शुक्रवारी पोचेल. मग तू फोन कर आणि काय बोलायचं ते बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही.

तुला दोन वर्षं उगाच म्हातारी होऊ देणारा,
तुझा धाकटा