नंबरपट्टीवरचं कुंकू

शनिवार संध्याकाळ, लीड्स

जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबचा माणूस उद्या तारेचा ब्रश घेऊन येणार. आज इथल्या लोकांच्या लाडिक बोलीत म्हणाला, "कारखान्याच्या नंबरपट्टीवर नुसता गंज आहे, लव्ह. मॉडेलचं वर्ष कळलं नाही, तर तुमच्या मिस्टरांचा ट्रॅक्टर शोमध्ये नाही." गंज कसला? दर खंडेनवमीला ह्यांनी लावलेलं कुंकू आहे ते, तेलात मुरलेलं. मी बोलले का नाही तेव्हाच?

ह्यांचं ट्रॅक्टरचं पुस्तक काढलं. गिअरबॉक्सच्या ओतीव लोखंडावरही तारीख असते, तीही चालते म्हणे. टॉर्च घेऊन शेडमध्ये गेले, ट्रॅक्टरखाली आडवी झाले, चिखल खरवडला. आधी काहीच नाही. मग बोटांना आकडे लागले.

उद्या तेच दाखवीन. कुंकवाला ब्रश लावू देणार नाही. वरचा थर यंदाचा आहे, हे गेल्यानंतरचा, माझ्या बोटाचा.