सतरावा पॅच

अल्लीपूर, ता. हिंगणघाट
१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

प्रिय योगेंद्रभाऊ,

नमस्कार. आत्याच्या पाया पडते. घरचे सगळे बरे असतील, आणि तुझ्या बागेतली संत्री आता तोडणीला आली असतील.

कागदावरचं पत्र बघून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, मग राहिलं काय? मुकेश उद्या ट्रॅक्टरच्या पार्टसाठी आर्वीला जातोय. वाटेत रोहण्याला थांबून हे तुझ्या हातातच द्यायचं, आत्याच्या हातात नाही, असं मी त्याला बजावलंय. पाकिटात काय आहे म्हणून त्याने तीनदा विचारलं. मी कामाचं आहे म्हणाले, तर माझा हा भाऊ माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी कोर्टाची नोटीस पाठवतेय.

इकडे वेचणी चालू आहे. बायका मिळत नाहीत, म्हणून आई रोज स्वतः शेतात जाते आणि संध्याकाळी माझ्यावर चिडते. माझं ऑफिस अजून मागच्याच खोलीत आहे, फक्त आता फायबर आलंय. कंपनी बंगळुरूची, बॉस पुण्यात, आणि मी कापसाच्या ढिगाशेजारी. मला हे फार आवडतं.

आईला मात्र माझं काम पटत नाही. परवा ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "ते काई नवं नाई करत. वर्षभरापासून जुनंच पुसून राह्यली." इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला प्रोग्राम, त्यातला नेटवर्कचा भाग मी साफ करते, आणि साफ केला की तो जोरात पळतो, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, मग आधीच साफ काऊन नाही लिहिला?

आधी तो तू लिहिला होतास, हे मी तिला सांगितलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी पुण्यात बसून लिहिलेला तुझा तो नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर आता बघितलास तर ओळखणार नाहीस. तेराशे ओळी गेल्या, चारशे आल्या. एकच काम तीन ठिकाणी केलेलं होतं, ते एका जागी आणलं. डेटाच्या प्रत्येक पॅकेटला नवीन जागा मागत होता, आता वापरलेलीच जागा फिरवून घेतो. त्याच कार्डावरून सेकंदाला अठरा टक्के जास्त पॅकेटं जातात. एकूण बत्तीस पॅच, म्हणजे बत्तीस वेगवेगळे बदल. कर्नलच्या या भागाची देखभाल करणाऱ्या फिनलंडच्या बाईंनी सगळे घेतले, आणि त्या कोणाला सहज चांगलं म्हणत नाहीत हे तुला माहीत आहे. मी उत्तम काम केलंय, भाऊ. नम्रपणा करायला हे पत्र लिहीत नाहीये.

बत्तीसपैकी एकतीस पॅचबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

सतराव्याबद्दल नाही.

(इथे उठून चहा करून आले. कप रिकामा झाला तरी पुढचं वाक्य सुचलं नव्हतं.)

फेब्रुवारीत तुमच्या ओसरीवर बसून मी तुला लॅपटॉपवर सगळं दाखवत होते, तेव्हा तू काय म्हणालास ते मला शब्द न् शब्द आठवतं. "बाकी काई बी काढ मंजू, पण या एका ओळीले हात लावू नको. छोट्या बोर्डावर मार खाशील." मी विचारलं, मग वर टीप का लिहिली नाहीस? तू म्हणालास, "ज्याले समजते त्याले समजते." मला राग आला. घरी पोचायच्या आत मी ठरवून टाकलं होतं की तुला तुझ्या ओळी जाताना बघवत नाहीत, बाकी काही नाही. मग तुझा मेल आला, चांगला तीन परिच्छेदांचा. मी तो वाचला. उत्तर दिलं नाही, आणि सतराव्या पॅचमध्ये ती ओळ काढली. माझ्या टेबलावरच्या तिन्ही मशिनांवर आठवडाभर सगळ्या चाचण्या पास झाल्या, तेव्हा मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

आता ऐक. तीन आठवड्यांपूर्वी ब्राझीलमधल्या एका माणसाची तक्रार आली. त्याच्याकडे स्वस्तातले छोटे बोर्ड, म्हणजे तळहाताएवढे कॉम्प्युटर आहेत, आणि दिवसातून दोन-तीनदा नवीन पॅकेटच्या जागी आधीचंच शिळं पॅकेट हातात येतं. मी तसाच बोर्ड मागवला. चार तासांत तीच चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली. कार्ड आधी पॅकेट ठेवतं आणि मग "आलं" अशी खूण करतं. आपण खूण बघून मग पॅकेट उचलायचं. माझी मोठी मशिनं ते आपोआप त्याच क्रमाने करतात. छोट्या बोर्डाचा प्रोसेसर घाईत पॅकेट आधी वाचून घेतो आणि खूण नंतर बघतो, उकळी यायच्या आधीच चहा गाळावा तसा. तुझी ओळ त्याला एवढंच सांगत होती की खूण वाचून होईपर्यंत पॅकेटला हात लावू नकोस. ती परत घातली, पाच दिवस बोर्ड चालू ठेवला, एकदाही चुकला नाही.

तू बरोबर होतास. मी चूक होते. हे लिहायला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. जड ते पुढे आहे, आणि ते तुला आधीच माहीत असणार.

एप्रिलमध्ये, रामनवमीच्या आठवड्यात, फिनलंडच्या बाईंनी मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर विचारलं: सतराव्या पॅचमध्ये जी ओळ जातेय ती लिहिणाऱ्याने हा बदल पाहिला आहे का? मी उत्तर दिलं: "मूळ लेखक आता या कामात नाहीत. त्यांच्याशी संपर्क होऊ शकत नाही."

त्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे जेवून आले होते. तू स्वतः मला वाढत होतास.

त्यानंतर तू फोन उचलला नाहीस, त्यावरून तू ते वाचलंस हे मी समजले. आत्याला मी सांगत राहिले की तो बागेच्या कामात असेल. परवा तिचा फोन आला. "काऊन वं मंजू, तुमचं दोघायचं काई बिनसलं काय? तुहं नाव काढलं का हा उठून बागेत चालला जाते." मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि मग खूप रडले. मला प्रोग्राम म्हणजे काय हे तू शिकवलंस. जगात तुझं नाव जिथे लिहिलेलं होतं त्या एकमेव फायलीतून ते मी पुसलं, आणि वर तू सापडत नाहीस असं सांगितलं. मला स्वतःची लाज वाटते, भाऊ.

आता कामाचं. रविवारी कर्नलची नवी आवृत्ती निघणार. बाईंनी स्पष्ट कळवलंय की तोवर दुरुस्ती आली नाही तर बत्तीसच्या बत्तीस पॅच मागे घेतले जातील, कारण ते एकमेकांवर उभे आहेत. माझं वर्षभराचं काम. दुरुस्ती एका ओळीची आहे, माझ्याकडे तयार आहे, आणि ती मी माझ्या नावाने पाठवली तर कोणाला कळणारही नाही. खोटं कशाला बोलू, सोमवारी मी तसं टाइप करून ठेवलं होतं. मग खोडलं.

ती ओळ तुझी आहे. तिथे तुझं नाव लेखक म्हणून जाईल, त्याखाली ही दुरुस्ती कोणाच्या चुकीसाठी आहे त्या जागी माझ्या सतराव्या पॅचचं नाव. पण तुझ्या संमतीशिवाय तुझं नाव घालता येत नाही, हा तिथला नियम तूच मला शिकवलास. सोबत संमतीचा छापलेला कागद आहे. पटलं तर खाली सही कर, मुकेश परतताना घेऊन येईल. आणि त्या ओळीवर टीप या वेळी तू लिहायची, चांगली दोन-तीन वाक्यं. तेव्हा टीप असती तर मी हात लावला नसता, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

तुझी सही आली नाही तर शनिवारी संध्याकाळी मीच बाईंना लिहीन की सगळे बत्तीस मागे घ्या. कारण विचारलं तर खरं सांगेन. त्यासाठी तुझ्यावर रुसणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा करीन, आणि याहून चांगलं करीन.

एक गोष्ट मात्र तुझ्या उत्तरावर ठेवली नाही. आज सकाळी त्याच लिस्टवर, माझ्या एप्रिलच्या उत्तराच्या खाली, मी लिहिलंय: हे उत्तर खोटं होतं. मूळ लेखकाने मला आधीच सावध केलं होतं. पाठवून झाल्यावर हे पत्र लिहायला बसले. तू सही कर किंवा नको करू, ते तिथे तसंच राहणार.

आत्याला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा पत्ता जिला कायम पाठ होता,
ती मंजुषा