खाट क्रमांक सात

नागपूर
५ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
लिलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

विशूला घेऊन तुम्ही अनसिंगला सुखरूप पोचलात, हे भाऊजींच्या कार्डावरून कळलं. कार्ड तीन ओळींचं, त्यात तुझी एकही नाही. म्हणून हे पत्र तुलाच लिहिते आहे.

घटसर्पानं घसा बंद झालेली पोर चोवीस दिवसांत घरी गेली, याचं आमच्या सरांनाही नवल वाटतं. पण मला आता दुसरीच काळजी आहे. दवाखान्यात आमच्या खोलीत आठ खाटा आहेत, आणि अगदी टोकाला गेलेली पोरं तिथे येतात. वाचतात ती घरी जातात, आम्ही कागदावर 'बरे झाले' लिहून मोकळे. मग घरी कोणी अंथरूण ओलं करतं, कोणी महिनाभर बोलत नाही. जीव वाचवताना पोराच्या मनाचं काय होतं, हे शोधायचं काम मी अंगावर घेतलं आहे. डिसेंबरात मुंबईला डॉक्टरांच्या सभेत त्यावर निबंध वाचायचा आहे.

म्हणून प्रत्येक पोराच्या आईला मी प्रश्नांचा छापील कागद पाठवते. तुलाही सोबत पाठवला आहे. विशू झोपते का, दचकते का, कोणाला भिते, कोणाजवळ जाते, सगळं भरून पाठव. तिला अजून पळू देऊ नकोस, हृदय नाजूक आहे.

भाऊजींना नमस्कार, विशूला मावशीचे पोतंभर पापे.

तुझी,
लिला

---

अनसिंग, ता. वाशिम
१३ सप्टेंबर १९७४

चि. लिला हिस,
भागिरथाचे अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. त्यावर तू 'खाट क्रमांक सात' असं लिहिलं आहेस. पोरीचं विशाखा हे नाव तूच ठेवलं होतंस, विसरलीस वाटतं. कागद कोरा परत पाठवते. माझं काय ते इथे लिहिते.

झोपते. जेवते. अंथरूण ओलं करत नाही. आणि दिवसातून दहादा विचारते, "मावशी कवा येते?" तुझं पत्र उशाखाली ठेवते. आईला काही विचारायचं असलं तर बापाला विचारते.

लिला, मला तुझा हेवा वाटतो. आडून बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहूनच टाकते. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. सातवी झाली आणि तुला कडेवर घेण्यासाठी मी शाळा सोडली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आज वाटतं. तुला शिकायला मिळालं, मान मिळाला, तो तुझ्या कष्टाचा. पण माझी पोरगी? तिच्यापाशी तुला चोवीस दिवस मिळाले. मला दवाखान्याच्या आवारातलं लिंबाचं झाड मिळालं. रोग सांसर्गिक म्हणून आयांना आत मज्जाव. तूच बाहेर येऊन मला तसं सांगितलंस, नर्सही नाही.

परवा बुधवारी बाजारला जायला म्हणून हिरवं लुगडं नेसले आणि तिला हाक मारली, तर पोर कणगीमागं जाऊन बसली. गळा दोन्ही हातांनी झाकलेला. हे शाळेतून शिपायाची ड्युटी संपवून आले तेव्हा बाहेर निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या हातून भाकर खाल्ली. आईचा कधी कंटाळा येतो, कधी नाही, असं पाच वर्षांच्या पोरीला कोण शिकवतं, ते तुला ठाऊक.

तब्येतीला जप.

तुझी ताई,
भागिरथा

---

नागपूर
१९ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
लिलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तू जे लिहिलंस त्याचं उत्तर देईन, पण आज नाही. आज एकच विचारते. विशूनं तुझ्या हातून भाकर खाल्ली, त्या दिवशी तू कोणतं लुगडं नेसली होतीस? पुढचे आठ दिवस रोजचं लुगडं आणि त्या दिवशी ती कशी वागली, एवढंच मला लिही. बाकी काही नको. का ते विचारू नकोस.

तुझी,
लिला

---

अनसिंग
२८ सप्टेंबर १९७४

चि. लिला हिस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला मनातलं लिहिलं, तर तू माझ्या लुगड्यांची चौकशी केलीस. दोनच आहेत, एक हिरवं, एक तांबडं. शेजारच्या रंगूबाईंना पत्र वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या डॉक्टरणीले लुगडं धाडाचं असंन. मी म्हटलं, तेवढी कुठली माया.

तरी तू सांगितलं तसं केलं, कारण तुझं ऐकायची खोड मला जुनीच आहे. भाकर खाल्ली तेव्हा तांबडं होतं. सोमवारी तांबडंच, वेणी घालून घेतली. मंगळवारी हिरवं नेसले तर वेणी सोडवायला जवळ येईना, बापाकडून सोडवून घेतली. बुधवारीही हिरवं, तापानं फणफणल्यासारखी कोपऱ्यात बसून, अंग मात्र गार. गुरुवारी तांबडं नेसले आणि ती आपणहून मांडीवर येऊन बसली. शुक्रवारी मी मुद्दाम तिच्या देखत तांबड्यावर हिरवं गुंडाळलं. ती बसल्या जागी आडवी झाली आणि मान वर करून गळा उघडा ठेवला. डोळे गच्च मिटलेले. लिला, बोकड अशी मान देतो.

ते हिरवं लुगडं तू दवाखान्यात तिसऱ्या दिवशी माझ्याकडून मागून नेलं होतंस. धुऊ नकोस, अंगावरचं तसंच दे म्हणालीस. मी म्हटलं पोरीखाली अंथरायला असेल. धर्मशाळेत मी तांबड्यावर दिवस काढले. काय केलंस माझ्या लुगड्याचं? सरळ लिही.

भागिरथा

---

नागपूर
४ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस,
लिलाचा जयभीम.

सरळच लिहिते.

घटसर्पाचं विष हृदयावर जातं. पोर रडलं, झटापट केली, तर हृदय थांबायचं भय असतं. विशूच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. त्यातला कफ रबरी नळीनं तासातासाला ओढून काढावा लागे, शिवाय सुया. पांढऱ्या कपड्यातलं कोणी दिसलं की ती उसळायची. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले. तेव्हा मी तुझं लुगडं मागितलं, अंगाभोवती नेसले, पदर डोक्यावर घेतला, नाकातोंडावर फडकं बांधलं आणि तिच्यापाशी गेले. तुझ्या अंगाचा वास आला आणि ती निपचित पडली. मी कफ काढला, सुई दिली. ती हलली नाही. तिला वाटलं आई करते आहे, तर करू द्यावं.

त्यानंतर चौदा पोरांना आम्ही असंच आयांच्या लुगड्यात जाऊन सुया दिल्या. माझा सगळा निबंध त्यावरच उभा होता. आईचं लुगडं दिसलं की पोर शांत होतं, म्हणून दुखवायचं ते त्यात दुखवावं. नळी निघाल्यावर मी लुगडं उतरवलं आणि पांढऱ्या कपड्यात बिस्किटं दिली, गोष्टी सांगितल्या. म्हणजे दुखवलं आईनं आणि लाड केले मावशीनं. ती मला मागते त्यात माझं काही कर्तृत्व नाही, ताई. तिच्या लेखी सुया तू टोचल्यास. जी पोर शांत पडली होती ती शांत नव्हती, तिनं मान दिली होती. हे तुझ्या पत्रातून मला कळलं, माझ्या कागदांतून नाही.

इथवर डॉक्टरची चूक. पुढची माझी आहे. नळी असताना तिला आवाज नव्हता, नुसते ओठ हलायचे. आई, असं म्हणायची. आणि मी ओ द्यायची. एकदा नाही, नळी होती ते अकराही दिवस. सुई नसतानाही मी लुगडं नेसून तिच्या उशाशी बसायची. तू खिडकीबाहेर लिंबाखाली दिसायचीस. दोन दिवसांनी तुला फडकं बांधून आत घेता आलं असतं, सर नाही म्हणाले नसते. मी विचारलंच नाही. मला आईची आठवण नाही, मला तूच ठाऊक आहेस. तुझ्या लुगड्यात शिरून कोणी मला आई म्हणत होतं, ते मला सोडवेना. हेवा तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

निबंध परत मागवला आहे. चौदा आयांना पत्रं लिहिते आहे. पण विशूचं काय करावं ते मला कळत नाही. एवढं शिकून कळत नाही.

लिला

---

अनसिंग
१६ ऑक्टोबर १९७४

चि. लिला हिस,
आशीर्वाद. आज लिहिते आहे, कारण आधीच्या आठ दिवसांत लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या.

त्या दिल्याही, मोठ्यानं. हे म्हणाले लुगडं जाळून टाक, निबंध लिहिणारीचं तोंड पाहू नको. मी लुगडं जाळलं नाही. पोरीच्या हाताला येईल असं ठेंगण्या खुंटीवर टांगलं आणि मी तांबड्यावरच राहिले. तीन दिवस ती भिंतीला धरून लांबून गेली. चौथ्या दिवशी ओढून खाली पाडलं. नंतर त्याच्यावर बसली. काल दुपारी मी तुरी निवडत होते, तर ही पदर डोक्यावरून घेऊन, अर्धं लुगडं मागं फरफटत समोर उभी. हातात ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. म्हणाली, "झोपून राह्य. हालू नको. झालंच."

मी झोपले. तिनं धांडा माझ्या गळ्याला लावला, जोरात. दुखलं. मी हलले नाही. मग तुझं पत्र आठवलं. आवाज न काढता मी नुसते ओठ हलवले, आई म्हणून.

ती वाकली. धांडा टाकला. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओ."

हे तू रोज कसं करायचीस, ते मला तेव्हा कळलं. मी नव्हते तेव्हा तिला कोणी ओ दिली नसती तर काय झालं असतं, तेही कळलं. आज सकाळी मी हिरवं नेसले. ती बावरली, मग जवळ आली आणि पदर हुंगून पाहिला. वेणी घालून घेतली. एकदाच गळ्याला हात गेला.

धांड्याचं तुझ्या नव्या निबंधात घाल. चौदा आयांनाही कळव, पोरांच्या हाती लुगडं द्या आणि आपण आडव्या व्हा. खाली माझं नाव पूर्ण टाक, भागिरथा देवमन इंगोले, सातवी पास. खाट क्रमांक टाकू नकोस.

दसऱ्याला सगळे नागपूरला येतोच आहोत. मी हिरवं नेसून येईन. गर्दीत पोर घाबरून आई म्हणेल, तर ओ मी देईन. तू जवळ उभी असलीस तरी गप्प राहायचं. तेवढं माझं मला राहू दे.

लोभ वाढव असं आज लिहवत नाही. आहे तेवढा आहे, तो तुटायचा नाही.

तुझी ताई,
भागिरथा