नारळापुरता मुकादम

तीर्थस्वरूप भारतीताईस घोलवडहून धाकट्या रतनचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तरी वाकलोच असं समज. उसण का भरली ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर? नाशिकला ऊन तापायला लागलं असेल, रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. इकडे संगिता आणि मुलं मजेत आहेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि व्हॉट्सअपवर लिहिलं की सगळ्या घराला ऐकवतेस. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. शांतपणे आणि शेवटपर्यंत वाच.

तुला ठाऊकच आहे, मी स्त्री-पुरुष समानतेचा लहानपणापासूनचा पुरस्कर्ता. (तुझ्या वाटणीचा आंबा मी खायचो तो भूक लागायची म्हणून, तत्त्व म्हणून नव्हे.) हे गावालाही माहीत असावं, कारण महिला दिनाला ग्रामपंचायतीनं भाषणाला मलाच बोलावलं. ‘आमच्या वखारीत बाई आणि पुरुष असा भेदच नाही,’ असं मी म्हणालो आणि टाळ्यांसाठी थांबलो. तिथेच चुकलं. थांबायला नको होतं. कारण तेवढ्यात हिरकणी उभी राहिली. ही आशागडच्या पलीकडल्या पाड्यावरची, आपल्या वखारीत कैक वर्षं चिकू निवडते. आपला मुकादम बाळ्या नुकताच नोकरी सोडून वापीला गेला होता. ती म्हणाली, “शेठ, बाल्या तं गेला. मंग मुकादमकी मला द्या.” आणि ताई, माझ्या वाक्याच्या टाळ्या तिला पडल्या! फोटोसुद्धा निघाला. निवडायला बाया आणि मुकादमकीला गडी ही आपल्या आप्पांपासूनची रीत, पण भर सभेत नाही कसं म्हणायचं? मी मोठ्या मनानं हो म्हटलं. (मन मोठं करायला मला जरा वेळ लागला, तो फोटोत दिसतो.)

घरी आल्यावर आठवण झाली नारळाची. नव्या मुकादमानं आपल्या पहिल्या ट्रकपुढे नारळ फोडायचा, आणि ज्याच्या हातचा नारळ तो मुकादम, हे वखारीत पक्कं. आता बाईमाणसानं नारळ फोडलेला कुणी पाहिलाय? मी रूढी मानत नाही, पण ट्रक दिल्लीचा, रस्ता लांबचा, माल नाजूक. म्हणून मी दोन्ही बाजूंना न्याय देणारी युक्ती काढली. धाकट्या काकांच्या प्रितमला बोलावलं. (तोच, जो पोलीस भरतीची तयारी झोपून करतो.) म्हटलं, तू फक्त नारळापुरता मुकादम हो, बाकी सगळं हिरकणी बघेल. कुणाचंच नुकसान नाही. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

प्रितमनं नारळ फोडला. तिसऱ्या फटक्याला का होईना, फुटला. लगेच हिरकणीनं गळ्यातली मुकादमाची शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली, वखारीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि बायांच्या ओळीत जाऊन खाली बसली. म्हणाली, “ज्याच्या हातचा नारल तो मुकादम. तुमचीच रीत आहे, शेठ. आता हा सांगंल तसं आमी करू.” ताई, यात वावगं काय होतं सांग?

पुढचं ऐक. प्रितमला मुकादमकी चढली. ड्रायव्हर घाई करत होता, चिकू उन्हात मऊ पडायला लागले होते. यानं शिट्टी फुंकली आणि ओरडला, “बघत काय बसलात? दिसेल ते सगळं भरा!” बायांनी दिसेल ते सगळं भरलं. चिकूचे क्रेट भरले, वजनकाटा भरला, पाण्याचं पिंप भरलं, माझी खुर्ची भरली, पायरीवर काढलेल्या माझ्या चपला भरल्या आणि प्रितमचा डबाही भरला. मी त्या वेळी मागे पाण्याची मोटार बंद करायला गेलो होतो. परत येतो तर वखार लग्नानंतरच्या मांडवासारखी ओकीबोकी, आणि ट्रक गेलेला.

स्कूटर काढली. अनवाणी. तलासरीला हायवेच्या नाक्यावर ड्रायव्हर चहा पीत बसला होता म्हणून सापडला. डांबरावर पाय असे भाजले की मी त्याच्याशी नाचत नाचतच बोललो. एवढ्या मालाखालून वजनकाटा काढताना कंबर गेली (ही ती उसण), तरी तो निघेना. शेवटी अख्खा ट्रक वखारीत परत आणावा लागला. गेलेला ट्रक परत येणं म्हणजे अपशकुन, आता पुन्हा नारळ! प्रितमनं हात पुढे केला तर ड्रायव्हरच आडवा आला. “इसका नारियल देख लिया. बाई से फुड़वाओ, मुझे दिल्ली पहुँचना है.”

मी हिरकणीकडे बघितलं. ती जागची हलली नाही. “आजच्यापुरती का कायमची, शेठ?” एवढंच विचारलं. चिकू मऊ पडत होते, पाय भाजले होते. मी कायमची म्हणालो, आणि तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायला लावलं म्हणून दोनदा म्हणालो. तिनं एका फटक्यात नारळ फोडला. ट्रक दिल्लीला सुखरूप पोचला. आता खुर्चीवर हिरकणी बसते, मी उलट्या क्रेटवर. पण खरं सांगू? बरं वाटतं. ड्रायव्हर लोकांशी भांडायचं माझं कामच गेलं. गावात म्हणतात, समानता आणावी तर रतननं. मी नाही म्हणत नाही.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा धाकटा,
रतन

ता. क. मुख्य राहिलंच. आप्पांच्या मागे बागेला माझ्याबरोबर तुझंही नाव लागलं आहे. डहाणूच्या रजिस्ट्रार कचेरीत हक्कसोडपत्रावर तुझी एक सही हवी. बहिणींनी सही करायची ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आधारकार्ड घेऊन ये. साडी तुझ्या पसंतीची.

ता. क. दुसरा. साक्षीदार म्हणून हिरकणीला विचारलं होतं. तिला त्या दिवशी वेळ नाही म्हणते. कोणता दिवस, हे मी अजून सांगितलेलंही नव्हतं. असो.

ताई, मी संगिता. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून या दोन ओळी. मागच्या वर्षी माहेरी आगरहून माझ्या भावाचा असाच कागद आला होता. मी सही करायला बसलेही होते. तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हणाले, ‘वेडी आहेस का? कायद्यानं समान हक्क आहे.’ मला ते पटलं, मी सही केली नाही. ह्यांचा सल्ला चांगला असतो, ताई. तुम्हीही ऐका.