वरचा सुळा आणि अक्काचा तळहात

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पोचला असं समज.) मी ठीक आहे, दुकान ठीक आहे, भिंतीवरची अकराही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत आहेत. तू कशी आहेस? लेकीकडे राहायला गेलीस त्याला आता तीन वर्षं होतील. दुकानातल्या ज्या बाकावर तू भाजी निवडत बसायचीस, तिथे मी अजून कुणाला बसू देत नाही. गिऱ्हाईक उभं राहतं आणि कुरकुरतं. कुरकुरू दे.

पत्रास कारण माझा वरचा उजवा सुळा. गेल्या महिन्यात तो ठणकायला लागला. तुझं दंतशास्त्र मला तोंडपाठ, म्हणून आधी दाताखाली लवंग धरली. एकीने भागेना म्हणून चार धरल्या. ठणका तासभर दबला, पण हिरडी भाजून निघाली, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण मसाल्याचा वास कुठून येतो ते शोधू लागला. मग हिरडीतून रक्त आलं. रक्त आलं की तिथे ब्रश लावायचा नाही, हे तुझं दुसरं कलम. मी ती बाजू सोडून दिली आणि तिचा राग दुसऱ्या बाजूवर काढला, कारण तिसरं कलम असं की दात भांड्यासारखे घासावेत, तरच पांढरे होतात. दातओठ खाऊन घासले. (दातओठ खात दात घासणं किती अवघड आहे ते एकदा करून बघ.) आणि एके सकाळी ठणका आपोआप थांबला! दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला, हे चौथं कलम. मी दोन दिवस शीळ घालत काम केलं. तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला की डोळ्याला भिंगच बसेना, आणि भिंग बसेना तर घड्याळजीने करायचं काय?

म्हणून गेलो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयाने तुझ्या लेकीएवढ्या, पण ओरडतात थेट तुझ्यासारख्या. (त्यामुळे मला तिथे जरा बरं वाटलं, हे त्यांना सांगितलं नाही.) म्हणाल्या, लवंगेने ठणका दबतो, कीड जात नाही. रक्त येतं ते घाण साचल्यामुळे, तेव्हा तिथेच तर रोज हलक्या हाताने घासायला हवं. जोरात घासून दात पांढरे होत नाहीत, नुसते झिजतात. आणि ठणका थांबला तो आतली नस मेली म्हणून. खाली पू साचत होता. तुझी चारही कलमं एका बैठकीत रद्द. मी मान हलवत होतो. (तोंडात आरसा, दुसरं काय हलवणार?)

पण "काढावा लागेल" असं त्या म्हणाल्या आणि माझा तळहात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला. आठवतं ना? माझा दुधाचा दात हलायला लागला की एका हाताने तू तो उपटायचीस आणि दुसरा तळहात माझ्या डोळ्यावर दाबून धरायचीस, नजर त्या वाटेने निघून जाऊ नये म्हणून. वरचा दात काढला की डोळा जातो. आईचा काढला आणि वर्षभरात तिला दिसेनासं झालं, हे आपण दोघांनी पाहिलं. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "काका, हात काढा आधी. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. आईंना मोतीबिंदू झाला असणार. तो दात ठेवला असता तरी झाला असता." मी हात काढला. सुळा निघाला. दुकानात येऊन बायकी घड्याळ उघडलं, तर आतला तिळाहून लहान स्क्रू लख्ख दिसला. एवढा आनंद झाला की "अक्का, दिसतंय गं!" असं मोठ्याने म्हणालो. बाकावर कुणी नव्हतं. मग ते घड्याळ तसंच मिटून ठेवलं.

बाकी सर्व क्षेम. लेकीला आशीर्वाद सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीचा फोन आला होता. तू दोन महिने एकाच बाजूने जेवतेस, गाल धरून बसतेस आणि डॉक्टरांचं नाव काढलं की "वरचा आहे, डोळा जाईल" म्हणतेस, असं कळलं. अक्का, तिथे जात नसशील तर इथे ये. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला बाईंकडे दोन नावं लिहून आलो आहे, एक तुझं.

आणखी एक ता. क. दुसरं नाव माझं. सुळा निघाला, एवढं सोडून पत्रातलं सगळं खरं आहे. (स्क्रू दिसला तो बाईंच्या गोळ्यांनी सूज उतरल्यावर.) मी खुर्चीतून उठून पळालो. नसांचं सगळं पटलं आहे, तरी तुझ्या हाताशिवाय मला तोंड उघडवत नाही. तू ये. माझ्या डोळ्यावर तू तळहात ठेव, तुझ्या डोळ्यावर मी ठेवतो. बाईंना विचारून ठेवलं आहे. डोळ्यावर बहिणीचा हात असला तरी दात निघतो, म्हणाल्या.