किल्ली अजून तुझ्याकडेच आहे

मूआर, सोमवार, १ मे

थोरल्या भावाच्या जागी असलेल्या कांग वारसिद यास तर्जोचा सलाम.

मी बरा आहे. तू, आमची वहिनी यायु सारिनी आणि पोरं बरी असाल. माझ्या मिमीला सांग, खोकला गेला, आता नाकातोंडाला फडकं बांधूनच काम करतो, आईच्या जिवाला घोर नको. आज कामगार दिनाची सुट्टी. खोलीतले बाकीचे नदीवर गळ टाकायला गेले. मला चल म्हणाले, मी नाही गेलो. मी गेलो नाही म्हणजे काहीतरी झालंय हे तुला कळेल, कारण एका जागी बसणं मला कधी जमलेलं नाही. सध्या कारखान्यात मला खुर्च्यांच्या पायांवर टाकलंय. दिवसाला तीनशे पाय घासतो. बैठक दुसऱ्या खात्यात, पाठ तिसऱ्या. परदेशी येऊन दीड वर्ष झालं, आख्खी खुर्ची मी अजून पाहिली नाही.

पत्र माझ्या खोलीतल्या करनोच्या हाती देतोय, तो बुधवारी गावी निघतोय. सहावीत शाळा सोडलेल्या तर्जोने कागद कशाला घेतला, असं तू म्हणशील. फोनवरचं लिहिलेलं पुसता येतं, आपल्याकडचंही आणि समोरच्याकडचंही. हे मला तूच शिकवलंस. हे पुसलं जाऊ नये म्हणून कागद.

आपल्या 'अंगण' ग्रुपवर आता एकतीस हजार माणसं झाली. तुझ्या दुकानासमोरच्या बांबूच्या बाकड्यावर आपण हा ग्रुप उघडला तेव्हा किती होतो? तू, मी आणि तुझी मेव्हणी, तीही तू जबरदस्तीने घातलेली. आपल्या आवडत्या गायिकेच्या, यायु रस्तिनीच्या, गाण्याचे बाकीचे ग्रुप म्हणजे नुसती गटारं होती. कुणी तिच्या दातांवर बोलायचा, कुणी कमरेवर. तू म्हणालास, "तर्जो, आपण घर नको बांधूया, अंगण करूया. यावं, बसावं, गाणं ऐकावं, जावं. पण चपला दाराशी." तोच पहिला नियम झाला. दुकानासमोरच्या चपलांच्या ढिगाचा फोटो अजून ग्रुपवर सगळ्यात वर आहे. त्यातली तुटक्या पट्ट्याची माझी.

ग्रुप सांभाळायच्या हक्काला किल्ली म्हणायचं, हेही तुझंच. तीन किल्ल्या. एक तुझी, एक माझी, एक तैवानात मालकाच्या म्हाताऱ्या बाबांची शुश्रूषा करणाऱ्या इबू मुनाहची.

आणि भांडण विझवायची तुझी ती रीत! करावांगचा तो माणूस आणि आपला नाववाला सुरजा, जुना गिटारवाला बरा की नवा यावरून एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले होते. मी दोघांना हाकलायला निघालो, तर तू म्हणालास, "थांब रे, हाकलायला अक्कल लागत नाही." आणि ग्रुपवर टाकलंस: आज कुणी काय शिजवलंय? दहा मिनिटांत हाँगकाँगच्या मोलकरणी, बोटीवरचे खलाशी, सगळ्यांनी ताटांचे फोटो टाकले. करावांगवाल्याने नुसता वाळल्या मासळीचा तुकडा आणि भात टाकला. सुरजाने लिहिलं, "एवढंच खाऊन एवढं भांडतोस? ये, आमच्या नावेवर जेव." भांडण कुठल्या कुठे गेलं. मी त्या दिवशी मनात म्हटलं, मला सख्खा थोरला भाऊ नाही, पण असता तर असाच पाहिजे होता.

ते सगळं आठवतंय म्हणून हात जड झालाय.

ईदेला नऊ दिवस झाले. ईदेला दार सगळ्यांना उघडायचं, वर्षभरात ज्यांना बाहेर काढलं त्यांनाही, फक्त एक ओळ माफीची लिहायची, हा तिसरा नियम. तो माझा. तू माझी पाठ थोपटली होतीस. यंदा बाहेर चौदा जण होते. तेरा जणांना घ्या म्हटलं. चौदावा कोळंबीशेठ, एका बाईच्या तक्रारीवरून काढलेला. त्याला नको, असं मी आपल्या तिघा किल्लीवाल्यांच्या फोनवरच्या खोलीत स्पष्ट लिहिलं होतं. तू अंगठा दाखवला होतास. अंगठा म्हणजे हो ना, कांग?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत. कोळंबीच्या तळ्यांपुढे उभा असलेला तोच फोटो, तेच पोट. आणि त्याच्याखाली तुझं लिहिलेलं: आनंदाची बातमी, माझ्या धाकट्याच्या सुंतेला साक्षात यायु रस्तिनी गाणार, मांडव कोळंबीशेठ यांच्याकडून. हजारभर लोकांनी तुला बदाम टाकले. मीही टाकला. आधी बोट गेलं, मग डोकं.

कैरी त्या दिवशी हजेरीला आली नाही. तुला आठवतं ना, रोज सकाळी पहिली तीच यायची. "हाँगकाँगहून कैरी हजर, मालकिणीचं कुत्रं फिरवून झालं, आता मला कोण फिरवणार?" हे तिचं ठरलेलं. सगळे हसायचे. त्या दिवशी तिचा मला वेगळा निरोप आला. एकच ओळ. "फक्त तुला सांगितलं होतं, तर्जो."

मग जे कळलं ते तुझ्या गावाजवळच घडलंय. तुला माहीत असणार. तरी लिहितो, कारण तू ते कुणाच्या तोंडून आणि कसं ऐकलंस ते मला माहीत नाही.

ईदेच्याच दिवशी कोळंबीशेठ बिस्किटांचा मोठा डबा घेऊन लोसारांगला तिच्या सासरी गेला. अंगणात नवरा, सासू, शेजारपाजार, सगळे पानात शिजवलेल्या भाताचे केतुपात खात बसलेले. याने सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या मंडळींशी फोनवर माझं जे काय बोलणं झालं, त्याची माफी करा. चूक दोघांची होती, पण वयाने मी थोरला, म्हणून मी आधी आलो."

चूक दोघांची.

ईदेचा दिवस. समोर धरलेला हात कोण नाकारतो? नवऱ्याने माफ केलं. डबा ठेवून घेतला. आणि मग हाँगकाँगला बायकोचा फोन घेणं बंद केलं. आठ वर्षांची पोर आहे तिला, तिलाही आईशी बोलू देत नाहीत. त्या माणसाला माफी आणि तिला नाही. तिने काय केलं होतं? त्याने पाठवलेली घाण मला दाखवली होती. एवढंच.

मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तुला फोन लावला. तू हसत उचललास.

"काय रे पाय घासणाऱ्या, ईद झाली का?"

"कांग, त्याला तिचं नाव कुणी सांगितलं?"

"अरे, माणूस दारात आला. माझा हात घेऊन कपाळाला लावला. म्हणाला, वारसिद, माफी मागायची, पण मागू कुणाकडे? भिंतीकडे? मी काय सांगू त्याला, जा बाबा, भिंतीकडे माग?"

"मी नको म्हटलं होतं."

"नको म्हणायला तुझं काय जातं? तू तिकडे. इथे मला तोंड दाखवायचं असतं. आणि माफी मागायलाच गेला ना तो? मारायला तर नाही गेला?"

"मांडव कुणाचा आहे, कांग?"

मागे कुणाच्या तरी फोनची घंटा वाजत होती, दुकानात गिऱ्हाईक असेल. मग म्हणालास, "पोराच्या सुंतेचं काढू नकोस मध्ये." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. आता कळतंय ना तुला, फोन न घेणं कसं असतं? नाही. तुला नाही कळणार. कळतंय ते मला आणि तिला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगू? तू तिचं नाव दिलंस ते मांडवासाठी दिलंस असं मला वाटत नाही. तुला खरंच वाटलं असेल, माणूस माफी मागतोय तर त्याला दार दाखवावं. मांडव नंतर आला असेल. पण आला तेव्हा तू नको म्हणाला नाहीस. आणि नाव आपल्याकडे ठेवायला दिलं होतं, कांग. तक्रार करणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्यापाशीच राहील, हा दुसरा नियम. तो कुणाचा होता?

(एवढं लिहून बाहेर जाऊन आलो. नळावर तोंड धुतलं. गळवाले परत आले, एक हातभर मासा मिळालाय त्यांना, आरडाओरडा चाललाय. पुढचं लिहून टाकतो, नाहीतर लिहिणार नाही.)

तो नियम तू मोडलास, त्याआधी मी मोडला.

तिने तक्रार केली तेव्हा हात जोडून लिहिलं होतं, माझं नाव कुठेही लिहू नकोस. मी तिघांच्या खोलीत फक्त "एका बाईची तक्रार आहे, काढतोय" असं लिहिलं. तू मला वेगळं विचारलंस, "खरी कशावरून? तुझ्याशी बाया बोलतात तरी का रे?" मस्करीच होती. तू नेहमीच करतोस. पण त्या दिवशी इथे मुकादमाने सगळ्यांसमोर मला अडाणी म्हटलं होतं. डोकं फिरलेलं होतं. मला दाखवायचं होतं की माझ्यावर कुणीतरी भरवसा टाकतं. मी तिच्या आख्ख्या बोलण्याचा स्क्रीनशॉट काढून तुला पाठवला. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, सगळं. तू नुसता हसरा चेहरा पाठवलास. तो चेहरा अजून तिथेच आहे. मी रोज बघतो.

आणि तिने जेव्हा लिहिलं, फक्त तुला सांगितलं होतं, तेव्हा मी काय उत्तर दिलं माहितेय? "मी कुणालाच सांगितलेलं नाही." तिने ते वाचलं. मग ती अंगणातून निघून गेली.

परवा इबू मुनाहना सगळं सांगितलं. त्यांचे म्हातारे बाबा दुपारचे झोपले होते, म्हणून हळू आवाजात बोलत होत्या. मला वाटलं समजूत घालतील. म्हणाल्या, "रडू नकोस माझ्यापाशी, मी दिवसभर एका म्हाताऱ्याची रडगाणी ऐकते. तू नाव दिलंस, त्याने पुढे दिलं. आता दोघं बसा एकमेकांच्या नावाने बोटं मोडत. त्या बाईचं काय?" मी म्हटलं, इबू, नियम तर चांगला होता माझा, ईदेचा. म्हणाल्या, "माफी मागणाऱ्यासाठी चांगला होता. जिच्याकडे मागायची तिला कुणी विचारलं होतं का, की बाई, येऊ दे का याला?"

याचं उत्तर तुला सुचतं का बघ.

कोळंबीशेठला मी काढलंय. कायमचं. माझी किल्ली मी इबूंना देऊन टाकली. आणि कैरीला, तिने माझा नंबर अडवलाय म्हणून, दुसऱ्या नंबरवरून खरं लिहिलं: मी खोटं बोललो, मी एका माणसाला सांगितलं होतं. कुणाला ते लिहिलेलं नाही. तुझं नाव मी दिलेलं नाही, कांग. ते तुझं तूच सांगायचं आहेस.

आणि तिला आणखी एक विचारलं. त्या स्क्रीनशॉटमध्ये त्या माणसाचे सतरा निरोप आहेत आणि तिचं एकालाही उत्तर नाही. तो तिच्या घरच्यांना दाखवला तर चालेल का? दोन दिवस उत्तर नाही आलं. आज सकाळी आलं. "दाखवा."

मी इथून तिच्या नवऱ्याला पाठवू शकत नाही. मी कोण? बायकोच्या फोनमधला आणखी एक परका पुरुष. तिथला माणूस पाहिजे, वयाने थोरला, लोक ज्याला ओळखतात. शुक्रवारी नमाज झाली की लोसारांगला जा. यायु सारिनीला बरोबर ने. बिस्किटं नेऊ नकोस. ज्या अंगणात तो उभा राहिला तिथेच उभा राहा, शेजारी बाहेर बसलेले असतील अशा वेळी, आणि तो फोटो दाखव. तुझ्या फोनमध्ये आहे, मी पाठवलेला, हसऱ्या चेहऱ्याच्या वर. आणि सांग की चूक दोघांची नव्हती. आणि मग सांग की नाव तुझ्या तोंडून गेलं. माझं नाव घ्यायचं असेल तर तेही घे, मी मागे हटणार नाही.

मांडव मग होणार नाही. यायु रस्तिनी येणार नाही. माहीत आहे मला. पोर रडेल. त्याला सांग, बाप गाईल. तुझा आवाज फाटका आहे, पण लहानपणी मी तोच ऐकत बाकड्यावर झोपायचो.

इबू तुझी किल्ली काढून घ्यायला निघाल्या होत्या. मीच म्हटलं, राहू दे शुक्रवारपर्यंत. म्हणजे ती अजून तुझ्याकडेच आहे. जायचं नसेल तर तू स्वतः किल्ली टाकून निघून जा. मला काही लिहू नकोस, मला दिसेल. आणि लोसारांगला गेलास, तर तेही दिसेल. एका आठ वर्षांच्या पोरीने आईचा फोन उचलला की कैरी मला सांगेल, तेवढं बोलणं आमच्यात उरलंय.

यायु सारिनीला आणि पोरांना माझा सलाम. मिमीला यातलं काही सांगू नकोस, खोकल्याचं तेवढं सांग.

आजवर प्रत्येक निरोपाखाली "तुझाच धाकटा" असं लिहीत आलो. आज ते शब्द लिहिले नाहीत. त्यांच्यासाठी खाली एक ओळ कोरी सोडली आहे.



तर्जो