खुर्चीच्या कडेवर

९ जानेवारी

माफ कर, वही. जूननंतर तुला उघडलंच नाही. लिहायला बसवत नव्हतं — हे अलंकारिक नाही, अक्षरशः खरं आहे. आज तुला ओट्यावर ठेवून उभ्यानेच लिहितेय.

कामही उभ्यानेच चालतं. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उंच स्टूल असतात. माझं मी भिंतीशी सरकवून ठेवलंय. पितळी वजनं चिमट्याने उचलायची, काट्याची काच लोटायची, श्वास रोखून आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. साहेब परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंकडून शिका जरा. दिवसभरात टेकत नाहीत." शेजारच्या टेबलावरचा तेव्हापासून माझ्यावर खार खाऊन आहे. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का? ठरवता येत नाही.

१४ जानेवारी

चौथी डॉक्टर. आधीच्या तिघांत पहिलीने बुरशीचं मलम दिलं, दुसरीने तेच मलम दुसऱ्या नावाने, तिसऱ्याने घरी काही ताण आहे का विचारलं. सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, मी नॉर्मल.

आजचीने विचारलं, कुठे दुखतं. खाली, म्हटलं. खाली म्हणजे? म्हटलं, खालीच. मिलिग्रॅमच्या अंशासाठी भांडणारी बाई मी, आणि स्वतःच्या शरीराचा पत्ता 'खाली'!

मग शून्य ते दहामध्ये किती, ते सांगायला लावलं. दहा म्हणजे नेमकं काय धरायचं, मी विचारलं. ती घड्याळाकडे बघून हसली. चार म्हणून मोकळी झाले. तिने कागदावर 'सौम्य' लिहिलं. दहा मी जिवंत जळणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

१५ जानेवारी

चार नव्हतं.

२५ जानेवारी

आईची पंचाहत्तरी. भावाच्या घरी सगळे जमलो.

निघतेमावशी आली होती. ही आईची धाकटी बहीण. खुर्चीच्या अगदी कडेवर, एका अंगावर कलून बसते, पर्स मांडीवर. बघणाऱ्याला वाटावं, आता निघते म्हणणार. हे नाव आम्हा पोरांनीच लहानपणी ठेवलेलं. तीही हसते. लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी आली ती परत गेलीच नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. आईने आजही फोटो काढता काढता विषय काढलाच — माणूस सोन्यासारखा होता, हिलाच नांदायचं नव्हतं. मावशी समोर होती. तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. वहिनी म्हणाली, "बसा की वन्सं. का तुम्हीपण निघतेमावशींवर गेलात?" सगळे हसले. मीही.

नवरा हसला नाही. त्याने त्या वाक्याचा भलताच अर्थ घेतला असणार. पण त्याला दोष कोणत्या तोंडाने देऊ? तीन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. आधी विचारायचा, मग विचारणं सोडलं. समजूतदारपणाने की कंटाळून — मीही विचारलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

पाचवी डॉक्टर. जाण्याआधी आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं. "योनीच्या तोंडाशी जळतं. बसलं की, नवरा जवळ आला की. सहा वर्षं." बोलून टाकलं. छत कोसळलं नाही.

तिने एक कापूस लावलेली काडी घेतली. आकडा नको, दुखेल तिथे फक्त 'हो' म्हणा, म्हणाली. हलकेच एकेका जागी टेकवत गेली. वरच्या बाजूला काहीच नाही. खालच्या बाजूला आली आणि मी टेबलावरून वर सरकले. 'हो' म्हणायचं राहूनच गेलं.

इतक्या वर्षांत असं कुणी तपासलं नाही का, तिने विचारलं. नाही. आत यंत्रं जाऊन आली, दाराशी कुणी थांबलं नाही. त्या कापसाच्या स्पर्शाने आमचा काटा जेमतेम हलला असता.

त्याला नाव आहे: व्हल्व्होडिनिया. जखम नसताना नसा कळवळत राहतात, मग आजूबाजूचे स्नायू आक्रसून बसतात. बरं होईल का, विचारलं. म्हणाली, बऱ्याच जणींना आराम पडतो, वेळ लागतो, पूर्ण जाईलच असं वचन देत नाही. हे मला आवडलं. चूक किती असू शकते ते सांगणारं माणूस.

जिन्यात थांबले. रडू येईल असं वाटलं. भूक लागली होती.

१३ फेब्रुवारी

झोपतानाची गोळी आणली. मोठ्या मात्रेत हीच उदासीनतेवर देतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि खणखणीत आवाजात धीर दिला, "टेन्शन घेऊ नका ताई." मागची रांग माझ्याकडे करुणेने बघत होती.

जेवणानंतर नवऱ्याला नाव सांगितलं. त्याने दोनदा म्हणवून घेतलं. डॉक्टरांनी दिलेलं चित्र चष्मा लावून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मी नकोसा नव्हतो."

याला हे वाटत होतं!

५ मार्च

फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्या निम्मी. श्वास पोटात सोडायला शिकवला — माझा वीस वर्षांचा धंदा श्वास रोखण्याचा. मधे खाच असलेली एक उशी दिली. तिच्यावर बसले. मागे टेकले. चक्क टेकले. दुखलं, पण थोडं.

उठताना तिने विचारलं, "आधी कलून, कडेवर बसला होतात. ही सवय कधीपासूनची?"

"आमच्याकडे मावशी अशीच —"



६ मार्च

बसण्यावरून काही सिद्ध होत नाही. गुडघे असतील. मूळव्याध असेल. नुसती सवयही असेल. एका नोंदीवर मी काट्यालासुद्धा नापास करत नाही. आणि सत्तरीच्या बाईला हे विचारायचा मला काय अधिकार?

१० मार्च

मावशीला फोन केला. आधी माझं सांगितलं, सगळं, शब्दासकट. ती हं हं करत राहिली. मग विचारलं, "मावशी, तू खुर्चीत मागे टेकून का बसत नाहीस गं?"



"तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, म्हटलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "त्याला नाव असतं होय? मला वाटायचं, माझीच घडण चुकलीय." मग नेहमीच्या आवाजात, "ताईला बोलू नकोस हं. इतकी वर्षं बोलली, आता तिला वाईट वाटेल."

११ मार्च

उद्या: खाचेची अजून एक उशी आणायची.